थंड छतावरच्या कुरडया

मे महिन्यात अकोल्याला कोण जातं, असं शर्वरी ताथोडच्या पुण्यातल्या घरी दर उन्हाळ्यात म्हटलं जायचं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. तिची सख्खी मावशी अकोल्याच्या जुन्या शहरात राहायची. शर्वरी लहानपणापासून तिच्याकडे दिवाळीला जायची, कधी संक्रांतीला जायची, पण उन्हाळ्यात एकदाही गेली नव्हती. तिथे सकाळी अकराला उष्णतेचा भोंगा वाजतो आणि रस्ते ओस पडतात, बाजार दिवस मावळल्यावर उघडतो, शाळा मार्चच्या आतच गुंडाळतात, हे तिने बातम्यांत ऐकलं होतं. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणारी ही हुशार मुलगी अकोल्याचं तापमान तोंडपाठ सांगायची. त्या उन्हाचं अकोल्याच्या बायका काय करतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या एका संशोधन केंद्राने पदवीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधनाची योजना काढली होती. अन्न, पाणी, ऊर्जा नाहीतर हवामान यांपैकी एक विषय घ्यायचा, केंद्रातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली आठ आठवडे काम करायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं. बहुतेकांच्या वाट्याला काचेच्या नळ्या धुणं आणि आकडे उतरवणं येतं. शर्वरीच्या वाट्याला एक अख्खी गल्ली आली, कारण मुलाखतीत डॉ. फिरोज तांबोळी म्हणाले की माझ्याकडे सगळं आहे, फक्त एकमेकांना चिकटलेली छतं नाहीत, आणि ही उत्साहाच्या भरात बोलून बसली, "छतं मी आणते, सर."

तांबोळी सरांनी बनवलेल्या पातळ पांढऱ्या पटलाचं नाव होतं व्योमपट. त्यामागची गोष्ट तशी सोपी आहे. कुठलीही ऊबदार वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. तवा टाकतो, भिंत टाकते, आपलं अंगही टाकतं. पण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे किरण वाटेत गिळतात आणि त्यातली बरीचशी उष्णता पुन्हा खाली पाठवतात. फक्त एका ठरावीक लांबीच्या किरणांना हवा फारशी अडवत नाही. त्यांच्यापुरती आकाशाला एक उघडी खिडकी आहे, आणि खिडकीपलीकडे अवकाशाचा कमालीचा गारठा. व्योमपट दोन कामं करायचा. वरून येणारं ऊन जवळजवळ सगळं परतवायचा, आणि छतातली उष्णता नेमक्या त्या लांबीच्या किरणांतून खिडकीबाहेर काढायचा. ना वीज, ना पंखा, ना पाणी, तरी भर दुपारी हा पट भोवतालच्या हवेहून गार राहायचा.

हवा जितकी कोरडी, तितकी ती खिडकी स्वच्छ, म्हणून मुंबईपेक्षा अकोला बरं. एकट्यादुकट्या छताचा गारवा शेजारच्या तापलेल्या छतावरून येणारं वारं पळवून नेतं, म्हणून सलग छतं हवीत. आणि पटाला आकाश दिसलं पाहिजे, म्हणून छतावर काहीही ठेवायचं नाही. या शेवटच्या अटीकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

छतं मिळवून दिली दीपाली मावशीने. पिंपळ गल्लीतला पिंपळ केव्हाच गेला होता, पण तिथल्या सोळा घरांवर मावशीचं वजन होतं. कुणाचं बारसं असो की भांडण, मावशीला बोलावल्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही. आदल्या मे महिन्यात काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, घरातल्या घरात उष्माघात झाला होता आणि त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून उन्हाळा म्हटलं की मावशीचा चेहरा उतरायचा. भाचीने फोनवर व्योमपटाचं सांगताच तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच सगळ्या बायकांसमोर विषय काढला. शर्वरी मुद्दाम पुण्याहून आली होती. तिने स्वेटर घालून, हातात तिळगूळ घेऊन बायकांना सगळं समजावून सांगितलं. एप्रिलच्या शेवटी पट बसवू, जूनच्या मध्यापर्यंत छत मोकळं ठेवायचं. समोरच्या वाकोडे काकूंनी पाण्याची टाकी चालेल का विचारलं. शर्वरी म्हणाली, चालेल. सगळ्या हो म्हणाल्या.

त्या दिवशी कुरडई हा शब्द कुणाच्याच तोंडी आला नाही. शर्वरीने कुरडई ताटात फुललेली पाहिली होती, वाळताना कधीच पाहिली नव्हती. आणि बायकांना वाटलं, एवढ्या शिकलेल्या पोरीला एवढं तर माहीतच असणार.

पट बसले आणि पहिल्याच आठवड्यात गल्लीने त्यांचं बारसं केलं. दुधावर साय धरावी तसे ते दिसत म्हणून सगळे त्याला साय म्हणायला लागले. दुपारी खोलीत पाय ठेवला की बाहेरच्याहून वेगळीच हवा लागायची. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन खुर्चीत बसून दुपार काढणारे काका जेवण झाल्यावर चक्क आडवे व्हायला लागले. "तीस वर्सं एस्टी चालवली, एसी गाडी कधी हाती आली नाही," ते येईल त्याला सांगायचे. "आता घरच एसी झालं." उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची गल्लीची जुनी सवय होती. पहिल्या रात्री लोक सवयीने वर गेले आणि पहाटे रजया शोधत खाली आले. मे महिन्यात अकोल्यात रजई निघाली ही बातमी पार स्टेशनापर्यंत पोचली.

शर्वरी मावशीकडेच राहत होती. प्रत्येक घरात तिने तापमापक लावले होते आणि त्यांचे आकडे तिच्या फोनवर येत. ते पाहून तांबोळी सर पुण्यातून खूश होते. आकडे असेच राहिले तर पुढच्या उन्हाळ्यात शहरातल्या आणखी गल्ल्यांसाठी मागणी करता येईल, असं ते म्हणाले. शर्वरी हवेत तरंगायचीच बाकी होती.

मग गहू भिजले.

कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचा, वाटून त्याचा चीक काढायचा, तो पहाटे हाटत, म्हणजे ढवळत, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. एकदा गहू भिजला की मागे फिरता येत नाही. गल्लीत सगळ्या बायका मिळून एकेका घरचं वाळवण उरकत, आणि त्या वर्षी पहिली पाळी मावशीची होती. तिची मुलगी मनवा नागपूरला नोकरी करत होती, तिचं जूनच्या शेवटी लग्न होतं. रुखवतात पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडयांची आरास मांडायची हे मावशीने मनवा शाळेत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. मनवाला त्यातलं काही नको होतं, पण तिला विचारलं कुणी?

सकाळी शर्वरी चहाचा कप घेऊन गच्चीवर आली आणि जागीच थबकली. साय दिसतच नव्हती. तिच्यावर प्लास्टिक अंथरलं होतं आणि त्यावर ओळीने कुरडया बसल्या होत्या. शेजारच्या गच्चीवर पुढच्या पाळीसाठी प्लास्टिक अंथरणं चाललं होतं. आपण काय विसरलो ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मावशीचा खुललेला चेहरा पाहून तिला नाही म्हणवेना. दोनच दिवस, मावशी म्हणाली. ते दोन दिवस मोजणीतून वगळू, असं शर्वरीने स्वतःला समजावलं आणि सरांना तसं कळवलंही.

पण कुरडया दोन दिवसांत वाळल्याच नाहीत. एरवी खालून छत तव्यासारखं भाजायचं आणि वरून ऊन. आता खालून माठासारखा गारवा यायचा. तिसऱ्या दिवशी कुरडया दाबल्या तर मऊच लागल्या. चौथ्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला आणि पाचव्या दिवशी पांढऱ्या कुरडयांवरही गुलाबी रंग चढला. तो कुणी घातलेला नव्हता.

दिवस मावळल्यावर वाकोडे काकू पाच-सहा बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या हातात एक ताट होतं आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या कुरडया होत्या, तशाच मऊ. "दीपालीताई, तुमच्या तोंडाकडं पाहून आमी छतं देल्ली," त्या म्हणाल्या. "आता ह्या आंबलेल्या कुरोड्या कोनाच्या गळ्यात घालाच्या?" रविवारी सगळ्या आपापल्या छतावरची साय काढून टाकणार होत्या. शर्वरी मध्ये पडली आणि तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मी सगळ्यांना तयार कुरडयांची पाकिटं आणून देते, असं ती म्हणाली. ते ऐकून काकांनीसुद्धा मान खाली घातली.

बायका गेल्यावर मावशीने विचारलं, "तुले एवढं शिकवलं, त कुरोडी कुठं वाळते हे कोनी सांगतलं नाही काय?"

"मला वाटलं, काही अडचण असेल तर तुम्ही सांगाल."

"आन मले वाटलं, तुले माहीत असन." तिने सगळ्या गल्लीला शब्द दिला होता, आणि आजवर तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता. मग ती हळूच म्हणाली की बाकीच्यांची साय काढून टाक, पण आपल्या घरची राहू दे, काकांना झोप लागते. शर्वरीला सांगावं लागलं की एकट्या घरावर ठेवून उपयोग नाही. सगळ्यांची राहिली तर हिची राहील, सगळ्यांची गेली तर हिचीही गेल्यासारखीच. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली.

त्या दिवसापासून मावशी तिच्याशी बोलेना. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, ताटात तूप पहिल्यासारखंच पडायचं, पण जे काही बोलायचं ते काकांमार्फत. "सांगा तुमच्या भाचीले, जेवाले ये म्हणा." शर्वरी हाताच्या अंतरावर बसलेली असायची. काका बिचारे मान वळवून निरोप पोचवायचे आणि उत्तर परत न्यायचे. आपण ड्रायव्हरचे कंडक्टर झाल्यासारखं वाटतं, असं त्यांनी एकदा शर्वरीच्या कानात सांगितलं. ती हसली, पण तिला मनापासून वाईट वाटत होतं. लहानपणी तिला गोवर आला तेव्हा हीच मावशी महिनाभर पुण्याला येऊन तिच्या उशाशी बसली होती. रविवारी साय निघणार, प्रयोग बुडणार, काकांची झोप जाणार आणि मावशीचा शब्दही जाणार. हे सगळं आपल्या एका वाक्यामुळे झालं या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

अशात एक चमत्कारिक गोष्ट घडली. मावशीच्याच घराचे आकडे खाली यायला लागले. भर दुपारी बाकीच्या पंधरा घरांपेक्षा ते घर तीन अंशांनी गार दाखवत होतं. शर्वरीला वाटलं, तापमापक बिघडला. तिने दुसरा लावला. तोही तेच सांगू लागला. काकांना मात्र आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. ते दुपारी पांघरूण मागत होते.

शेवटी भोंगा वाजून गेल्यावर, सगळी गल्ली दारं लावून बसली असताना, ती जिना चढायला लागली. अर्ध्यावर पोचली तोच तिची ओढणी आपोआप वरच्या दिशेला उडाली. जिन्यात वारं होतं. बाहेर पान हलत नव्हतं आणि जिन्यात खालून वर असं सणसणीत वारं वाहत होतं.

वर मावशी बसली होती, डोक्याला कापड बांधून, चोरी पकडल्यासारखी. जिन्याच्या माथ्यावर, गच्चीत उघडणाऱ्या त्या छोट्या खोलीवर पत्र्याचं छप्पर होतं. पत्र्यावर साय नव्हती, ती फक्त स्लॅबवर होती. मावशीने पत्र्याला वरून डांबराचा काळा हात दिला होता आणि वाफ निघून जावी म्हणून त्याची एक कड विटा लावून वर उचलली होती. खाली जिन्याच्या कठड्यावर दोन दोरीच्या बाजा आडव्या टाकून त्यांवर नव्या घाण्याच्या कुरडया मांडल्या होत्या. शर्वरीने एक उचलली. ती कडकडीत वाळली होती.

मावशी तिच्याशी बोलत नव्हती, म्हणून ती कुरडयांशी बोलली. "छतावर काही ठेवू नोको म्हणे. म्या कुठं छतावर ठेवलं?"

शर्वरीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पत्र्याकडे पाहत होती, मग गच्चीकडे, मग घरामागच्या अरुंद चौकाकडे. हळूहळू तिला उलगडा झाला. गार हवा जड असते. सायीवर गार झालेली हवा गच्चीच्या कठड्यांमध्ये साचून राहत होती, परातीत पाणी राहावं तशी. खाली घरात तिला ओढून घेणारं काही नव्हतं. गारवा जो काही उतरत होता तो स्लॅबमधून, सावकाश. आता काळा पत्रा तापत होता, त्याच्याखालची हवा गरम होऊन विटांच्या फटीतून वर निसटत होती, आणि तिची जागा घ्यायला घरातली हवा जिन्याने वर ओढली जात होती. त्यामुळे गच्चीवरची गार हवा कठड्याच्या पन्हाळीतून मागच्या चौकात आणि तिथून घरात उतरत होती. तीच कोरडी हवा वर जाताना पत्र्याखाली तापून कुरडया वाळवत होती. साय आणि काळा पत्रा दोघं मिळून घराला श्वास घ्यायला लावत होते.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त कुरडया वाळवायच्या होत्या आणि हार मानायची नव्हती. शर्वरीने तिथेच, त्या भट्टीसारख्या खोलीत, तिला मिठी मारली. मावशीने तिला जवळ घेतलं नाही, पण दूरही केलं नाही.

तांबोळी सरांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी त्या घराचे आकडे पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाले की नियमाप्रमाणे घरात काही बदल झाला म्हणजे ते घर बाद. ते वगळ, उरलेल्या पंधरांवर अहवाल लिही, तुझं काम चोख दिसेल. शर्वरी म्हणाली, रविवारी पंधराही जाणार आहेत. आणि समजा राहिली, तरी ज्या गारव्यासाठी बायकांनी वाळवण सोडायचं तो पुढच्या वर्षी कुठल्याच गल्लीला परवडणार नाही. तिला सगळ्या जिन्यांचे पत्रे काळे करायचे होते.

"सगळे केलेस तर तुलना कशाशी करशील?" सरांनी विचारलं.

मग उत्तरही त्यांनीच दिलं. आठ घरांचे पत्रे काळे करून उघडायचे, आठांचे बंद ठेवायचे. मात्र कोणती आठ हे तिने ठरवायचं नाही. माणूस निवडायला बसला की नकळत चांगली घरं एका बाजूला जातात आणि मग आकडे खरं बोलत नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जे निघेल ते महिनाभर पाळायचं. "तुझी मूळ मांडणी यात मोडतेय, हे ध्यानात ठेव," सर म्हणाले. "शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून ते तुलाच सांगावं लागेल." तिने सांगेन म्हटलं.

शनिवारी दिवस मावळल्यावर मावशीच्या ओसरीत सोळा घरच्या बायका जमल्या. कुरडया कशा वाळल्या हे पाहायला आधी सगळ्या जिना चढून आल्या होत्या, त्यामुळे भांडणाचा सूर जरा उतरला होता. शर्वरीने सगळं समजावलं. ज्यांचा पत्रा उघडा निघेल त्यांनी बंदवाल्यांच्याही कुरडया वाळवून द्यायच्या, ही अट वाकोडे काकूंनीच घातली. घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पातेल्यात, उघडा-बंदच्या दुसऱ्या पातेल्यात. काका एकेक नाव काढायचे आणि शर्वरी त्या घराची दुसरी चिठ्ठी. वाकोडे काकूंचा पत्रा उघडा निघाला. त्या लाजल्यासारख्या हसल्या.

मग काकांनी स्वतःचंच नाव काढलं. शर्वरीने चिठ्ठी उलगडली. बंद.

चिठ्ठी फक्त तिलाच दिसत होती. ज्या पत्र्यावरून हे सगळं सुरू झालं तोच खाली टाकायचा होता. काकांचे ते तीन अंश जाणार होते, मनवाच्या रुखवताच्या कुरडया दुसऱ्याच्या जिन्यात जाणार होत्या. तिचं बोट चिठ्ठीवर तसंच राहिलं. पातेल्यात अजून काही चिठ्ठ्या होत्या, हात परत घालणं अवघड नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. तिने मावशीकडे पाहिलं, आणि मावशीला तिच्या तोंडावरूनच कळलं.

"वाच, शर्वरी," मावशी म्हणाली. "जे निंघालं ते वाच."

तिने वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बंद निघालं म्हणून नाही. सहा दिवसांनी मावशीने तिला नावाने हाक मारली होती.

मावशीने त्याच रात्री स्वतःच्या हाताने विटा काढल्या आणि पत्रा खाली बसवला. सकाळी वाकोडे काकू पदर खोचून दारात उभ्या होत्या. "द्या त्या बाजा इकडं," त्या म्हणाल्या. "मनवा का तुमची एकटीचीच हाय?" मनवाच्या रुखवताच्या सगळ्या कुरडया काकूंच्या जिन्यात वाळल्या, आणि त्यांच्यावर काकूंची इतकी करडी नजर होती की मावशीलाही हात लावायच्या आधी विचारावं लागायचं. काका महिनाभर कुरकुरले नाहीत. स्लॅबचा गारवा होताच, दुपारची झोप लागतच होती. फक्त जेवण झालं की हातपाय मोकळे करायचं निमित्त काढून ते समोर वाकोड्यांकडे जायचे आणि संध्याकाळीच परत यायचे. त्यांना तिथे एक खाट राखून ठेवलेली असायची.

रविवारी कुणी साय काढली नाही.

जूनमध्ये पुण्याला शेवटचं सादरीकरण झालं. शेवाळाची बिस्किटं बनवणाऱ्या एका मुलाला पहिलं बक्षीस मिळालं. ती बिस्किटं सगळ्यांनी तोंड वाकडं करत खाल्ली होती, तरी मिळालं. शर्वरीने सुरुवातीलाच सांगितलं की मी जो प्रश्न घेऊन गेले होते त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, कारण माझी मांडणी माझ्याच चुकीने मोडली. उन्हाळा कुणाचा असतो हे मी विचारलंच नव्हतं. मग तिने आठ उघड्या आणि आठ बंद पत्र्यांचे आकडे दाखवले. सगळ्या उघड्या घरांत दुपार बंद घरांपेक्षा तेवढ्याच तीन अंशांनी गार झाली होती. परीक्षकांपैकी एक बाई चष्मा वर करून विचारत्या झाल्या की काळ्या पत्र्याची कल्पना कुणाची. शर्वरीने नाव सांगितलं, नातंही सांगितलं. तांबोळी सर मागच्या रांगेत बसून मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होते, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी सहा गल्ल्यांची मागणी त्यांनी त्याच आठवड्यात पाठवली.

मनवाच्या लग्नाला सर अकोल्याला आले. रुखवताच्या टेबलावर तिरंगी कुरडयांची आरास होती आणि मधोमध मावशीने पिंपळ गल्ली उभारली होती. घरं पापडाची, छतावर सायीचे खरे तुकडे, आणि अर्ध्या जिन्यांवर काळ्या तिळाच्या वड्यांचे तिरके पत्रे. वरपक्षाच्या बायकांना काही केल्या ते समजेना, तेव्हा वाकोडे काकू तिथे उभ्या राहून येईल त्याला समजावत होत्या, चौकातून हवा कशी उतरते तेसुद्धा.

प्रयोगाची मुदत संपली होती. पाठवणी झाली, पाहुणे पांगले, आणि मावशी लग्नातलं पातळ न बदलताच जिना चढून वर गेली. तिने पत्र्याची कड उचलून विटा लावल्या. थोड्याच वेळात खालच्या खोलीतले पडदे हलले, आणि मुलगी गेली म्हणून डोळे पुसत बसलेल्या काकांनी चादर अंगावर ओढली. शर्वरी बॅग भरत होती. मावशी खाली आली, तिच्या बॅगेत न विचारता कुरडयांचा डबा कोंबला आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ करून काकांना म्हणाली,

"सांगा तुमच्या भाचीले, पुढच्या साली अजून गल्ल्या घेजो म्हणा. पन संक्रांतीत नोको विचारू म्हणा कोनाले. गहू भिजत घालाच्या दिवशी येजो, आन आमच्यासंगं चीक हाटत विचारजो."

काकांनी चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि निरोप शब्द न् शब्द पोचवला.